तलावाच्या पाळीवरची कळलावी

सानगडीच्या बाजारातून आम्ही दोघी जावा परत येत होतो, तेव्हा गावच्या तलावाच्या पाळीवर पांढरी गाडी उभी दिसली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस सरपंचांना सांगत होता, पाळीवरचं झुडूप साफ करून गुलमोहराची रोपं लावून देतो. सगळं फुकट.

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ज्याला तो झुडूप म्हणत होता, त्यात कळलावीची वेल होती. श्रावणात तिच्या लाल-पिवळ्या फुलांनी पाळ पेटल्यासारखी दिसायची. जावेच्या बाळंतपणात लवकर सुटका व्हावी म्हणून सुईणीने तिचाच कंद कमरेला बांधला होता.

"साहेब, गुलमोहर कायले? आमच्या पाळीवर मोह हाय, पळस हाय," मी म्हणाले.

"ताई, गाव सुंदर दिसेल," तो हसून म्हणाला. बोलता बोलता बुटाच्या टोकाने तो एका वाळत आलेल्या वेलीच्या बुडाशी माती उकरत होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. "तुले तं सगळेच चोर दिसते," तो म्हणाला.

दसरा झाल्यावर मजूर आले. सगळे बाहेरचे, गावातलं एकही माणूस नाही. दुसऱ्या दिवशी शेळ्या चारायचं निमित्त करून आम्ही दोघी पाळीवर गेलो. रुईची झुडपं तशीच उभी होती. खड्डे होते ते फक्त कळलावीच्या बुडाशी. मोहाखाली तोंड शिवलेल्या गोण्या होत्या.

"बाई, यात काय असन?"

"फाडून पाह्य," जाऊ म्हणाली.

मी विळ्याने शिवण कापली. नांगरासारखे वाकडे कंद भसकन बाहेर पडले. जावेने अशी हाक दिली, की धान कापणाऱ्या बाया बांध तुडवत धावल्या.

"औषधाला लागतात हो. इथे वायाच जातात," आरडाओरडा ऐकून आलेला तो पांढऱ्या गाडीवाला म्हणाला.

"मंग पयले काहून नाई सांगतलं?" जावेने विचारलं. तो गोण्या गाडीत टाकायला निघाला.

त्या गोण्या आम्ही नेऊ दिल्या नाहीत. आदल्या दिवशीचा माल मात्र केव्हाच गेला होता. उरलेले कंद आम्ही बायांनी पुन्हा मातीत घातले.

यंदा श्रावणात फुलं आली, पण विरळ. सरपंच म्हणतात, मले काहीच ठाऊक नव्हतं. नसेलही. पण कळलावी कुठे आहे, हे त्या माणसाला दाखवलं कोणी?

परवा एक शहरातली मुलगी पाळीवर फोटो काढत थांबली. "मावशी, हे कुठलं फूल?"

"मले नाई मालूम," मी म्हणाले, आणि ती जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.