आईचे चाळीस दिवस

अंधेरीच्या आमच्या गावठाणात ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की झाडून सगळ्यांचे चेहरे उतरत. फक्त माझ्या आईचा खुलायचा. राखेच्या बुधवारी देवळात फादर कपाळाला राख लावत. घरी आल्यावर बाबा दारूची बाटली भाताच्या कणगीत खोल पुरत आणि ईस्टरपर्यंत थेंब न घेण्याची शपथ घेत. दिवस दारूबंदीचे होते. सरकारनंच बंद केलेली वस्तू देवासाठी सोडण्यात पुण्य कसलं, असं मी एकदा विचारलं. बाबा म्हणाले, सरकारसाठी कुठे सोडली होती?

बाकीचा त्यागही आमचा असाच. शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून त्या दिवशी सरंग्याचं कालवण. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून वास घेत विचारायच्या, आज उपास ना गं तुमचा? आम्ही हो म्हणायचो आणि काटे काढत राहायचो.

आईला मात्र त्या दिवसांत खरा विसावा मिळायचा. एरवी दिवेलागण झाली की तिचे कान पायरीकडे. बाबा पिऊन आले की ताट भिंतीवर जायचं आणि कालवणाचा डाग आई दुसऱ्या दिवशी चुन्यानं झाकायची. उपवासकाळात ती संध्याकाळी अंगणात जपमाळ घेऊन बसे, मधेच डुलकी काढी, जागी होऊन पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करी. देव तिला तिथे नक्की भेटत असावा, इतकी ती शांत दिसे. मला तो कधी भेटला नाही. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि मला सगळ्यांचाच राग यायचा, त्यात देवही आला.

आमच्या म्हाताऱ्या फादरना ऐकू कमी येई. त्यांच्यापुढे पापं ओरडूनच कबूल करावी लागत. म्हणून लोक किरकोळ पापं इथे आणून टाकत आणि मोठी घेऊन पलीकडच्या गावच्या देवळात जात. त्या वर्षी ईस्टरच्या आधी आम्ही तिघं रांगेत होतो. पुढे आई, मग मी, माझ्यामागे बाबा. आईला आपलं पाप किरकोळ वाटलं असणार. ती लाकडी जाळीपाशी गुडघे टेकून म्हणाली, “फादर, यंदा उठूच नये असं मला वाटतं.”

“कोणी उठू नये?” फादर ओरडले.

“देवानं,” आई त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाली. “ईस्टरला तो थडग्यातून उठला की आमचे हे प्यायला बसतात. अजून थोडे दिवस त्यानं पडून राहावं. एवढंच.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. फादर जाळीतून काहीतरी म्हणाले, पण जन्मात पहिल्यांदाच इतक्या हळू की आम्हाला कोणाला ऐकू आलं नाही. घरी जाताना बाबा आमच्यापुढे बरंच अंतर ठेवून चालले.

ईस्टरच्या दुपारी बाबांनी कणगीत हात घालून बाटली काढली, पुसली, टेबलावर ठेवली. तिच्यासमोर बसून जेवले आणि उठले. बूच तसंच. सोमवारीही तसंच. आई दोन्ही संध्याकाळी अंगणात जपमाळ घेऊन बसली. मी चमत्कारावर जवळजवळ विश्वास ठेवला होता.

मंगळवारी दिवेलागणीला बूच निघालं आणि ताट भिंतीवर गेलं.

सकाळी आई चुना कालवत होती. मला रडू आवरेना. मी तिला म्हटलं, बघ तुझ्या देवानं काय केलं ते.

तिनं डागावरून कुंचा फिरवला. “दोन दिवस वरचे दिले की त्यानं,” ती म्हणाली. “मीच मेलीनं थोडे मागितले.”