सुईएवढं भोक

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

सत्तर-पंच्याहत्तर सालची गोष्ट. कारंजा घाडग्याला, हायवेला लागून माझं गॅरेज होतं. गुलाबराव एका संत्रा-व्यापाऱ्याचा जुना ट्रक चालवायचा. पंधरा वर्षं तोच ट्रक, आणि दुरुस्तीला फक्त माझ्याकडे. माणसाचा माणसावर किती विश्वास असावा?

त्या इंजिनाचा ऑइल फिल्टर बाजूला लटकलेला असे. एका नळीनं ऑइल त्यात जायचं, दुसरीनं खाली परत यायचं. जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक निपल, म्हणजे छोटासा जोड — त्याचं भोक सुईएवढं. मुद्दाम तेवढंच. म्हणजे फिल्टरकडे थोडंच ऑइल जातं, बाकीचं दाबानं बेअरिंगांना मिळतं. नळी बदलताना तो निपल माझ्या हातून तुटला. नवा नागपूरहून आणावा लागला असता, आणि संत्री भरायला ट्रक दुपारीच हवा होता. मी भंगारातला मोठ्या भोकाचा बसवला. चुकून? नाही. काय होईल ते मला माहीत होतं: ऑइल फिल्टरकडेच पळणार, बेअरिंगांना पुरेसा दाब मिळणार नाही.

चार दिवसांनी गुलाबराव आला. "मिस्त्री, गाडी गरम झाली का ऑइल-प्रेशरचा काटा खाली येऊन राह्यला."

"जुनं इंजिन हाये. होते असं."

तेव्हाही निपल बदलता आला असता — पण मग आधीचं कबूल करावं लागलं असतं.

"तू म्हणतं त ठीक," म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात तळेगावकडच्या घाटात, भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं. मला बोलावलं. मालक येऊन उभाच होता. मी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. ऑइल अगदी खुणेपर्यंत होतं. आणि मी — पट्टी फडक्यानं पुसून टाकली. म्हणालो, "ऑइल कमी होतं."

"सकाळीच त पाह्यलं मी," गुलाबराव म्हणाला. "खुणेवर होतं."

मी पट्टी परत जागेवर खोचली. काट्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही — मला मध्ये ओढायला नको म्हणून असेल? जरा वेळानं स्वतःशीच म्हणाला, "मिस्त्री म्हणते त कमीच असन. मलेच बराबर दिसलं नसन."

मालकानं तिथंच त्याला कामावरून काढलं. इंजिन माझ्याच गॅरेजवर आलं. सुईएवढ्या भोकाचा निपल मी गुपचूप बसवला.

पुढं दुसऱ्या मालकानं त्याला बोलावलं, तर तो गेला नाही. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही म्हणाला. वर्ध्याच्या डॉक्टरनं तपासून डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, ते त्याला पटलं नाही. माझं पटलं होतं. ट्रकवर तो पुन्हा चढला नाही, मरेपर्यंत भावाच्या मळ्यात वांगी तोडत राहिला.

बाजाराच्या दिवशी मात्र गॅरेजवर चहाला यायचा. बसलेल्या ड्रायव्हरांना सांगायचा, "ऑइल दोनदा पाहजो रे. मी एकदाच पाह्यलं, अन् चांगलं इंजिन खाल्लं."

एकदा त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का, मिस्त्री?"

गुलाबराव समोरच बसला होता. मी हो म्हणालो.