दोघांना बसवलेली गाडी

ती दुपार आजही मनातून जात नाही. धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर एटीव्ही उलटून एक बाई जागीच गेली होती. एटीव्ही म्हणजे रुंद टायरची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. पर्यटक ती खडकाळ मातीत मजेसाठी फिरवतात. हँडल तिच्या नवऱ्याच्या हातात होतं, ती मागे बसली होती. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला फिटर. घरी तीन वर्षांची मुलगी.

मी तेव्हा तिथला फौजदार. पोलीस ठाण्यात त्याची मीच चौकशी केली.

"साहेब, हळूच होतो. चढावर पुढची चाकं उचलली अन् गाडी मागं आली. ती खाली सापडली."

"हळू चालवणाऱ्याची गाडी उलटते का रे?"

रिसॉर्टच्या मालकाने जबाब दिला की सूचना दिल्या होत्या, यांनीच ऐकल्या नाहीत. फिर्याद मीच लिहून घेतली. अपघाताचा मजकूर आम्हाला तोंडपाठ असतो: 'भरधाव वेगाने, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. तिथे रस्ताच नव्हता. पंचनाम्याच्या वेळी गाडी मी लांबूनच पाहिली. नवऱ्यावर दोषारोपपत्र गेलं.

आठवड्याने रिसॉर्टचा वयस्कर मेकॅनिक ठाण्यात आला.

"साहब, ती गाडी एकाच माणसाची हाय. सीटपाशी तसं स्टिकर होतं. मालक बोलले, जोडपी एकत्र बसायला मागतात, काढून टाक. मीच खरवडलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलंच नाय."

मी हवालदाराला घेऊन तिथे गेलो. त्याला मागे बसवून त्याच चढावर गाडी चालण्याच्या वेगाने घातली. हँडल हलकं झालं, पुढची चाकं जमीन सोडू लागली.

"साहेब, थांबवा! मला दोन पोरींची लग्नं करायचीत!" हवालदार ओरडला.

चढावर चालवणाऱ्याने पुढे झुकून वजन टाकायचं असतं. मागे माणूस बसला की सगळा भार मागे जातो. उलटायला वेग लागतच नाही. नवरा खरं बोलत होता.

पुरवणी दोषारोपपत्र पाठवून मालकाला आरोपी करता आलं असतं. पण त्यात माझा कच्चा पंचनामा उघडा पडला असता, आणि बढतीची यादी लागायची होती. मेकॅनिकला "बघतो" म्हणालो. बघितलं नाही. नवऱ्याने वकिलाच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल केला. त्याच्या सासऱ्यांनी नात आपल्या गावी, देवळ्याला नेली. आपल्या मुलीला मारणाऱ्याचं तोंड नातीला दाखवणार नाही म्हणाले.

नात नेल्याचं मला निवृत्तीनंतर त्याच हवालदाराकडून कळलं. सीटवर दोघं मावतात म्हणून गाडी दोघांची होत नाही, हे मी त्या चढावर शिकलो. पोलिसाने दाबून ठेवलेल्या चुकीची शिक्षा दुसरंच कुणीतरी भोगतं, हे शिकायला मात्र फार वर्षं लागली.

यंदा सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून देवळ्याला गेलो. आजोबांनी ते अंगणात उभ्यानेच दोनदा वाचलं.

"साहेब, हे मला देऊन काय उपेग? तिला सांगा." त्यांनी नातीला हाक मारली. ती आता आठवीत आहे.

मी सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे पप्पा जोरात चालवत नव्हते?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू तीन वर्षांची होतीस तेव्हा."

ती वळून घरात गेली. आतून आवाज आला, "आजी, पप्पांचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"