आमचा सुहास मरतो कसा

ये गं शैले, अशी जवळ बस. तो फोन आधी पालथा ठेव. मावसभावाच्या लग्नाला आली नाहीस, रजा नाही म्हणालीस, आणि आता सहा महिन्यांनी उगवून विचारतेस, ‘मावशी, याचं लग्न जमलं तरी कसं?’ लाज वाटत असेल तर म्हैसूरपाक घे आणि ऐक.

आमचा सुहास अमेरिकेत टीव्हीवर मरतो. तोच त्याचा धंदा आहे.

गेला होता इंजिनियरिंगचं पुढचं शिकायला. तिथे कुणीतरी त्याला नाटकात उभं केलं आणि यंत्रं राहिली बाजूला. तिकडच्या मालिकांत म्हणे प्रत्येक भागात कुणीतरी मरावंच लागतं. हा आधी टॅक्सी चालवताना मेला, मग दुकानात गल्ल्याशी उभा असताना मेला. पुढे डॉक्टर झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी मार्गी लागला, तर पेशंटनंच गोळी घातली. पण मरतो मात्र असा की बघत राहावं! डोळे सताड उघडे, पापणी हलत नाही. (लहानपणी शाळा बुडवायची असली की अस्साच पडायचा. मी दर वेळी फसायची.)

मेला की तेवढा तुकडा मला पाठवतो. मी तो टीव्हीवर लावते, मीठ-मिरच्या घेऊन टीव्हीचीच दृष्ट काढते आणि गल्लीतल्या बायकांना गोष्ट समजावून सांगते. इंग्रजी मला स्वल्पच येतं, पण मालिका कळायला भाषा कशाला हवी? टॅक्सीवाला मेला आणि पुढे दुकानात दिसला, म्हणजे वाचला, टॅक्सी विकून दुकान घातलं. मग मिशी लावून डॉक्टर झाला. आमचे हे एकदा म्हणाले, “अगं, दर वेळी याचं नाव वेगळं कसं?” मी म्हटलं, “पोलीस मागे लागलेत, नाव बदलणार नाही तर काय करणार?” आपल्याकडच्या मालिकांत मेलेली माणसं तोंडावर शस्त्रक्रिया करून परत येतातच की. त्या सगळ्या वेगवेगळ्या मालिका होत्या, हे मला कुणी सांगितलंच नाही. आमच्या म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या गल्लीनं ती एकच गोष्ट म्हणून वर्षानुवर्षं रडत ऐकली.

तर सुहास आला चाळिशीला. नट म्हटलं की मुलीकडचे पुढ्यातला चहासुद्धा घेत नव्हते. शेवटी मृदुलाचं स्थळ आलं. माणसं मूळची पुण्याची, नोकरीसाठी म्हैसूरला आलेली, आणि मुलगीही अमेरिकेलाच शिकायला निघालेली. सगळं जुळत होतं. फक्त त्यांच्या ज्योतिष्यानं पत्रिका पाहून सांगितलं होतं, ‘मुलाच्या आयुष्याची बाजू जरा कच्ची आहे.’ हे शेवटचं स्थळ, शैले. हे गेलं असतं तर मी देवाला नमस्कार करणं सोडलं असतं.

मृदुला, तिचे बाबा आणि आजी आमच्याकडे यायचे आणि सुहासनं फोनवरून दर्शन द्यायचं, असं ठरलं. त्यानं बजावलं होतं, “आई, मी येईपर्यंत त्यांना काही दाखवू नकोस.” पण त्याला उशीर झाला. उप्पिट संपलं, बोलणं संपलं, आजी खुर्चीतच डुलक्या घ्यायला लागल्या. मग मी म्हटलं, मुलाचं काम तरी बघू दे यांना. आणि लावला टीव्ही. समोरची पार्वतक्का न बोलावता आली होतीच.

मी सांगायला लागले. बाबा गोंधळून म्हणाले, “म्हणजे, त्यांचं आधी लग्न झालंय?”

“झालं होतं हो. गोरी होती. टिकली नाही.”

“टिकेल कशी?” पार्वतक्का म्हणाली. “ह्यानंच तिला गच्चीवरून ढकललं की.”

“पार्वतक्का, ते सिद्ध कुठे झालं? कोर्टानं सोडलं ना त्याला.”

बाबांनी बशी खाली ठेवली. आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अगं, मालिकेतलं आहे म्हणून सांग.” मी म्हटलं, “मग दुसरं काय सांगतेय?”

तेवढ्यात पडद्यावर सुहासला गोळी लागली. मला सवयीनं रडू आलं, पार्वतक्कालाही आलं. मी उठून मिरच्या ओवाळल्या, निखाऱ्यावर टाकल्या आणि धुरानं सगळे खोकायला लागले. त्या खोकण्यानं आजी जाग्या झाल्या. त्यांनी काय पाहिलं? ज्याचा फोटो पर्समध्ये घेऊन आल्या तो मुलगा डोळे उघडे टाकून पडलेला, आणि त्याची आई रडतेय. त्यांनी हंबरडाच फोडला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “न्हाणीघर कुठे आहे?” आणि कुणी काही सांगायच्या आत डोक्यावरून पाणी घेऊन आल्यासुद्धा.

त्या ओल्या केसांनी बाहेर येतात तोच फोन वाजला. यांनी उचलून सगळ्यांसमोर धरला. सुहास होता. कपाळाला भोक, गळ्यापर्यंत रक्त. म्हणाला, “नमस्कार. सॉरी, स्वल्प उशीर झाला. आत्ताच मेलो.”

आजी फोनपाशी वाकल्या. “अरे, तू गेलास ना?”

“गेलो आजी. आता जेवणाची सुट्टी आहे.”

मृदुला खुदकन हसली. म्हणाली, “पडताना डोकं आपटत नाही?”

“आपटतं. पण ओरडता येत नाही.”

बाबा उठले. “आम्ही कळवतो,” म्हणाले. या दोन शब्दांचा अर्थ मला चांगला पाठ होता. मी म्हैसूरपाकाचा डबा त्यांना बांधून द्यायला घेतला, तर आजी म्हणाल्या, “खाली बस रे. पत्रिकेत आयुष्याची बाजू कच्ची निघाली होती ना? मग जिवंत माणूस गेल्याची खोटी बातमी आली आणि कुणी मनापासून रडलं, तर त्याचं आयुष्य वाढतं, हे आपल्या घरात मानतात की नाही? मी रडले. न्हालेसुद्धा, थंड पाण्यानं. आणि हा तर नोकरी म्हणूनच मरतो. असा जावई शोधून मिळेल का तुला?”

बाबा परत खाली बसले. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, “मला आवडला. पण बायकोला ढकललं का, ते मी त्यालाच विचारीन.”

झालं लग्न. आता सुहासला एका मालिकेत न्यायाधीशाचं काम मिळालंय, कायमचं. मरतच नाही. सूनबाई खूश आहे, पण मला घोर लागलाय, आयुष्य वाढणार कसं? पार्वतक्काही कंटाळून म्हणते, “हल्ली काही होतच नाही गं त्याला.”

म्हणून परवा दुपारी मीच झोपाळ्यावर डोळे उघडे टाकून पडून बघितलं. म्हटलं, कुणीतरी रडेल, आपलंही थोडं वाढेल. आमचे हे आले, जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “झालं असेल तर कॉफी टाक.”

तेव्हा शैले, पुढच्या खेपेला इतके दिवस लावू नकोस, लवकर ये आणि चार दिवस राहायलाच ये. लहानपणी तू फार पटकन रडायचीस.