साडेसातचे टायर

खुशाल गोवर्धनची पिकअप म्हणजे मुळात लिलावातली जुनी पेट्रोल जीप. मागचं धड कापून चामोर्शीच्या सुताराकडून त्याने तिला सागवानी फळ्यांचा हौदा बसवून घेतला होता. ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं नुसती वाट दाखवायची. पण त्या गाडीने जे रान पाहिलं ते चांगल्या चांगल्या साहेबांच्या गाड्यांनी पाहिलं नव्हतं. जिल्हा तुटून गडचिरोली वेगळा झाला त्याला चार-पाच वर्षं होऊन गेली, तरी घोटच्या पुढचा रस्ता होता तसाच होता. त्या रस्त्याने खुशाल मीठ, सुकी मासळी, कांदे न्यायचा आणि येताना मोहफुलं, चारोळी आणायचा. कोरमटोल्याच्या माडिया माणसांनी त्याचं नाव 'मीठभाऊ' ठेवलं होतं. कोणाला साप डसला, कोणी झाडावरून पडलं, की मिठाच्या रिकाम्या पोत्यांवर ते माणूस निजून दवाखान्यात जायचं. त्याचं भाडं खुशालने कधी घेतलं नाही. कोणी दोन मुठी चारोळी दिली तर नाही म्हणायचा नाही.

कोरमटोल्याच्या अलीकडे एक नाला होता. गावाकडून परत येताना नाला उतरायचा, पाणी कापायचं, मग जरासा सपाट तुकडा, आणि लगेच छातीवर येणारा चढ. त्या सपाट तुकड्यावर बैलगाड्यांनी आणि बांबूच्या ट्रकांनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्या होत्या की मधली माती डुकराच्या पाठीसारखी वर आलेली. ड्रायव्हर लोक तिला 'पाठ'च म्हणायचे. ट्रक उंच, त्यांना तिचं काही नाही. खुशालची गाडी मात्र तिथे पोट घासूनच जायची, 'खर्र' करून. तो हसायचा. "म्हस खाजवून राह्यली," म्हणायचा.

दोन पावसाळ्यांमागे तो हसणं विसरला.

कोरमटोल्याच्या लालसू नावाच्या गड्याची बायको, जैनी, बाळंतपणात अडली होती. आषाढातली दुपार. लालसूने तिला हौद्यात निजवली आणि स्वतः पुढे खुशालजवळ बसला. नाला कसाबसा पार झाला आणि गाडी पाठीवर जाऊन बसली. पोट मातीत रुतलं, चाकं चाकोरीत अधांतरी गरगर फिरायला लागली. दोघांनी खाली उतरून, पालथं पडून, सब्बलीने गाडीखालची माती उकरायला घेतली. वरून पाऊस. हौद्यातून जैनी कॅबिनच्या पत्र्यावर बोटातल्या अंगठीने ठोकायची. ठक, ठक. पाणी पाहिजे असेल, नाहीतर किती वेळ म्हणून विचारत असेल. खुशाल गाडीखालून ओरडायचा, "झालंच बाई, झालंच!" चिखल उकरला की वरून आणखी यायचा. पुन्हा ठक ठक, पुन्हा "झालंच बाई". शेवटी गाडी मोकळी झाली. खुशालने चिखलाने भरलेलं तोंड पुसलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ठोकणं बऱ्याच वेळापासून थांबलं आहे.

त्या भागात रीत अशी, की माणूस अर्ध्या वाटेत जिथे गेलं तिथे येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकतो, एक गोटा ठेवतो. न टाकता जाऊ नये. गेलेलं माणूस मग मागे मागे येतं, म्हणतात. चढाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, जैनीचा ढीग तयार झाला. खाली गोटे, वर वाळलेल्या डहाळ्या, त्यांच्यावर ओल्या.

खुशाल बौद्ध घरातला. बापाने छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. भूत, अंगात येणं, उतारे यांना घराच्या उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. म्हणून त्याने कोणाला काही सांगितलं नाही. पण तो चढाच्या माथ्यापर्यंतच जायचा आणि माल तिथेच उतरवून माघारी फिरायचा. कोरमटोल्याच्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन, नाला ओलांडून, चढ चढून येऊन मीठ न्यायच्या. कोणी काही विचारायचं नाही, त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

घरात सत्यशीला, त्याची बायको, भाताच्या गंजाची, म्हणजे पातेल्याची, करपी खरवडायची. 'खर्र' वाजलं की हा ताटावरून उठून बाहेर जायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं. मग तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती गंजात पाणी ओतून तो तसाच भिजत ठेवायची.

यंदा होळीनंतरच्या एका बाजारात लालसू चामोर्शीला आला. मोहफुलांची पाटी विकून झाल्यावर गाडीच्या चाकाशी येऊन बसला. बराच वेळ विडी ओढली. मग म्हणाला,

"मीठभाऊ, कुम्मे पोटुशी हाये."

कुम्मे त्याची एकुलती पोरगी. जैनी गेली तेव्हा लग्नाची होती.

"बरं झालं गा," खुशाल म्हणाला.

"पावसाच्या तोंडाले बाळंत व्हईन. मायसारखीच बारीक हाये. तू गाडी आन."

"लालसू, दुसरी गाडी पाहून देतो तुले. घोटचा जीपवाला..."

"दुसरा नाई. तू." लालसूने विडी विझवून कानामागे ठेवली. "तुले वाट ठाऊक हाये."

ठाऊक म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. खुशालला नाही म्हणता आलं नाही.

त्याच आठवड्यात तो गाडी घेऊन घुग्घुसला गेला. तिथे कोळशाच्या ट्रकांची धूळ आणि सिमेंटची धूळ एकमेकीत मिसळून झाडांनासुद्धा राखाडी पानं फुटतात. मुश्ताकभाईचं टायरचं दुकान रस्त्याला लागून. माणूस पन्नाशीचा, दाढी मेंदीने लाल, बाकी सगळा काळा.

"मुश्ताकभाई, साडेसातचे टायर पायजे. चारी."

मुश्ताकने गाडीकडे पाहिलं, मग खुशालकडे. "साडेसात सौ सोळा? हिले? हे सहाशे सोळाची गाडी हाय. लगनात मोठ्या भावाचे बूट घालून जातं का कोणी?"

"उंच पायजे. पोट घासते."

"घासते तर सातशे टाक. सातशे हिले सोसतात."

"सातशेनं किती उंच होईल?"

मुश्ताकने दोन बोटं आडवी धरली आणि एक दुमडलं. "इतकी. टायर जेवढा वाढतो ना, गाडी त्याच्या अर्धीच वर जाते. बाकीचा आधा वरच्या बाजूला."

"मंग नाई पुरत. साडेसातच."

"बैस इथी." मुश्ताकने त्याला जुन्या टायरवर बसवलं, चहा सांगितला. "सुन. उंची फुकट भेटत नाई. चाक मोठं झालं की इंजनाले एका फेऱ्यात जास्त वाट ओढा लागते. सपाटीवर मजा वाटन, चढावर दम सुटन. पहिल्या गिअरात मरन गाडी. ब्रेक तेच जुने, चाक भारी. उतारावर पाय ठेवशील अन् गाडी म्हनन, थांब, सोचते. वळताना पुढचा टायर मडगार्डले लागन, ते कापा लागन. इस्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढशील. मीटर झूट बोलन. अन् उंच गाडी, वर पोते. आडव्या उतारावर कलंडली तं मले बोलू नको."

"सगळं कबूल."

"अरे, पन काऊन? कोन्या नवाबाची वरात न्यायची हाय?"

खुशालने चहाचा कप खाली ठेवला. "एक जागा हाये मुश्ताकभाई. तिथी गाडीचं पोट मातीले लागलं नाई पायजे. बस. मले तो आवाज ऐकाचा नाई."

मुश्ताकने दाढी खाजवली. मग उठला आणि मडगार्ड कापायची कातरी शोधायला लागला.

गाडी दारात आली तेव्हा सत्यशीला ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात धरून पाहत राहिली. "हे काय जी! गाडी हाये का मचान? चढाले शिडी लागन मले."

"लालसूच्या पोरीले आनाची हाये."

ती हसायची थांबली. सूप खाली ठेवून म्हणाली, "टायर मोठे केल्यानं तुमच्या डोक्यातलं खाली राहीन का?"

"राहीन."

"राहो बापा," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा उचलून दूर फेकला.

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले आणि निरोप आला. खुशाल सकाळीच निघाला. जाताना रिकामी गाडी पाठीवरून तरंगत गेली. आवाज नाही, काही नाही. ढिगाकडे त्याने पाहिलं नाही, डहाळीही टाकली नाही. येताना टाकू, मनाशी म्हणाला. नाल्यापलीकडे बाया उभ्या होत्या, त्या नव्या चाकांकडे बोट दाखवून आपसात गोंडीत काहीतरी बोलून हसल्या. त्यालाही बरं वाटलं.

कुम्मेला हौद्यात पोत्यांवर निजवली. या वेळी लालसू पोरीजवळ मागेच बसला, हातात पळसाची हिरवी डहाळी. कुम्मेचा नवरा आणि टोल्यावरचे चार गडी फळ्यांना धरून उभे राहिले.

नाला पार झाला. भर दुपार, ढग फाटून लख्ख ऊन पडलेलं, चाकोरीतलं पाणी चमकत होतं. गाडी पाठीवर आली. खुशालचे कान आपोआप ताठ झाले. 'खर्र' आलंच नाही. इतकी वर्षं त्या जागी ऐकलेला आवाज आला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत दुसराच आवाज आला.

ठक. ठक.

कॅबिनच्या पत्र्यावर, त्याच्या मानेमागे. अंगठीचा.

मागे वळून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. "झालंच बाई," तोंडातून आपसूक निघालं, आणि त्याने पाय दाबला. पुन्हा ठक ठक. ढीग डाव्या हाताला येऊन मागे गेला. गाडी चढाला भिडली. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज जड झाला, मग घोगरा, मग मुश्ताकने सांगितला होता तसा दम सुटला. गाडी मेली. ब्रेकवर त्याने दोन्ही पाय दिले. चाकं क्षणभर थांबली, जणू सोचली, आणि ओल्या मातीवरून मागे घरंगळायला लागली. मागे नाला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं तर पुढचं चाक कापलेल्या मडगार्डात जाऊन अडलं. मागे आरडाओरडा, गड्यांनी उड्या टाकल्या. गाडी तिरपी होत कडेला गेली आणि मागचं चाक कशात तरी कचकन रुतलं.

सगळं थांबलं.

खुशाल उतरला. मागचं चाक जैनीच्या ढिगात बसलं होतं. दोन वर्षांत लोकांनी एकेक करून ठेवलेले गोटे चाकाखाली दाटून आले होते, आणि वाळलेल्या डहाळ्या मोडून टायराला चिकटल्या होत्या.

कुम्मे कण्हत होती, पण शाबूत होती. लालसू तिला तशीच धरून बसलेला. खाली उतरून त्याने शांतपणे हातातली डहाळी ढिगावर ठेवली. मग खुशालकडे वळला.

"काऊन थांबला नाई गा? मी ठोकून राह्यलो मागून. डहाळी टाकाची होती."

"तू ठोकत होतास?"

"मंग कोन? हे फळी." लालसूने हौद्याच्या कडेच्या सागवानी फळीवर मूठ आपटली. धप, धप. जाड, बुटका आवाज.

खुशालने त्या फळीकडे पाहिलं, मग कॅबिनच्या पत्र्याकडे. बाजूच्या झुडपातली एक फांदी मोडली आणि ढिगावर ठेवली. हात मागे घ्यायला त्याला वेळ लागला.

मग माणसांनी गाडी चढवली. कुम्मे आणि तिचा बाप तेवढे हौद्यात, बाकीचे खांदे लावून ढकलणारे. हातभर गेली की चाकामागे गोटा लावायचा, दम घ्यायचा, पुन्हा ढकलायचं. गोटे त्याच ढिगातले. माथ्यावर पोहोचल्यावर कुम्मेच्या नवऱ्याने ते सगळे वेचून, खाली जाऊन, होते तिथे परत ठेवले. त्याची वाट बघत सगळे थांबले. घाई होती तरी थांबले.

चामोर्शीच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत कुम्मे मोकळी झाली. मुलगी. लालसूने खुशालला बाहेर गाठून नुसतं सांगितलं, "तिचं नाव जैनी." आणि विडी पेटवली.

पुढच्या आठवड्यात खुशाल पुन्हा घुग्घुसला.

"चढावर मेली ना?" मुश्ताकने दुरूनच विचारलं.

"मेली."

"ब्रेक?"

"सोचला."

मुश्ताक हसला नाही. "सहाशे परत टाकू?"

"सातशे टाका."

"सातशेनं चढन. पन तुझ्या त्या जागेवर पोट थोडं लागन, सांगून ठेवतो. टेकनार नाई, घासन नुसती."

"लागू द्या," खुशाल म्हणाला. "थोडं लागाले पायजे तिथी. नाई तं मी थांबत नाई."

मुश्ताकला कळलं की नाही कोण जाणे. त्याने जॅक ओढला आणि कामाला लागला.

तेव्हापासून खुशाल पुन्हा नाला ओलांडून कोरमटोल्यापर्यंत मीठ न्यायला लागला. पाठीवर गाडी आली की खालून बारीक 'खर्र' यायचं, तो ब्रेकवर पाय ठेवायचा, उतरायचा, डहाळी टाकायचा. मग लगेच गाडीत बसायचा नाही. इंजिन बंद करून पत्र्याजवळ उभा राहायचा, कान देऊन. काही वाजायचं नाही. तरी तो थोडा वेळ थांबायचाच.