सहीच्या आधी म्युझियम

नेऱ्याचा आमचा माळ विकायचा तर माझी सही लागते. हे बिल्डरच्या वकिलानेच घरी येऊन सांगितलं, नाहीतर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्र कधीच करून दिलेलं. साडी नेसवली, पुरणपोळी जेवू घातली आणि जेवण आटोपल्यावर कागद पुढे केला. माझ्यासाठी दादाने थेट पैठणीची तयारी दाखवली. मी म्हटलं, तूच नेस. त्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माळ म्हणजे काय, तर गवताचा एक लांब उतार. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या धनगरांची मेंढरं तिथे मुक्कामाला थांबतात. टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खोकडाची बिळं आहेत. आणि सातबारावर या सगळ्याला पोटखराबा म्हणतात, म्हणजे लागवडीला निकामी जमीन. या शब्दाने माझं डोकं फिरतं. आम्ही काही पोरंपोरी माळरानं वाचवायचं काम करतो. 'माळ पडीक नसतो' हे आमचं पत्रक मी लिहिलंय आणि भूगावपासून नांद्यापर्यंत दारोदार वाटलंय. आमच्या घरात त्याच पत्रकावर भजी निथळत ठेवली होती.

तर मी एक अट घातली. मुंबईला एका बैठकीला गेले असताना बंदराजवळच्या एका म्युझियममध्ये मी प्राण्यापक्ष्यांचं दालन पाहिलं होतं. तिथे एका मोठ्या काचेमागे अख्खं माळरान उभं केलंय. गवत, खडक, टिटवी, ससा, खोकड, मागे रंगवलेलं आभाळ. ते बघून मी आतून हलले होते. वडिलांना, म्हणजे अप्पांना, म्हटलं, "एकदा माझ्यासंगं चला आन् बघा. बघूनबी तुमी म्हणलात इकायचं, तर मी गुमान सही करीन."

"बघ हां," अप्पा म्हणाले. "दादाच्या देखत बोलतीयास."

"दादाच्या देखतच बोलतीय."

मला खात्री होती. लोकांना माहीत नसतं म्हणून लोक विकतात, दाखवलं की त्यांना कळतं, यावर तर आमची सगळी चळवळ उभी आहे. पत्रकाला चित्र का टाकतो आपण?

गाडी दादाने काढली. साक्षीदार म्हणून तो येणारच होता. अप्पांनी लग्नाला जातात तशी इस्त्रीची टोपी घातलेली. एक्स्प्रेसवेला लागल्यावर मी माळाबद्दल सांगायला सुरुवात केली, तर दादा म्हणाला, "पुढारी, सगळं भाषण हितंच उरकून घे. तितं लोकांना झोपा लागत्याल."

"तू गाडी चालव."

"चालवतोयच की. टोल बी मीच भरतोय. माळाच्या शत्रूनं."

म्युझियमजवळ पोचल्यावर दादा आत आलाच नाही. झाडाखाली गाडी लावून फोनवर बोलत बसला. पलीकडे एजंट होता हे मला त्याच्या 'हो शेठ'वरून कळत होतं. दालनाच्या दाराशी अप्पांनी चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "चाचा, पहन लो, मंदिर नहीं है." अप्पांनी चपला घातल्या, पण टाचा वर उचलून चालायला लागले.

मला वाटलं होतं सरळ माळाकडे न्यावं. ते ऐकेनात. प्रत्येक काचेपुढे थांबायचं, पाटी अक्षर लावून वाचायची, मग माझ्याकडे बघून मान हलवायची. जणू मी ते सगळं घरी केलंय. बरणीतला साप बघून मला विचारलं, "कशात मुरवलाय गं?" माशांपुढे तर एवढा वेळ गेला की मी बाकावर जाऊन बसले.

"अप्पा, चला, मेन ते म्होरं हाय."

"अगं तिकीट काढलंय न्हवं? बघू दे की."

शेवटी माळ आला. अप्पा पुढे झाले. मी मागे सरले. मनात म्हटलं, आता एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी काचेला नाक लावून खोकड पाहिलं, वाकून टिटवीची अंडी पाहिली, मग गवताच्या टोकापासून आभाळापर्यंत मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं म्हणणार नाही, पण चेहरा मऊ झाला होता. काचेवरच्या आपल्या वाफेचा ठिपका त्यांनी बाहीने पुसला.

"आपल्यासारखंच हाय की गं."

"व्हय अप्पा. आपलंच हाय."

"कुसळबी तसंच." ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. "लई ग्वाड केलंय. गार हाय, धूळ न्हाई, कुत्री न्हाईत. दिवा लावलाय. राखायला माणूस बसवलाय पगारी."

"व्हय."

"मग वाचलं की सगळं. तू कशापायी भांडतीयास?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा माझा आवाज चढला. "अप्पा, ही मेलेली हायेत. पेंढा भरलाय आत."

"ते दिसतंय मला. पर मोडत तर न्हाईत ना? आपल्याकडचं खोकड परवा रस्त्यावर चिरडलं, दोन दिस गाड्या गेल्या त्याच्यावरनं. कुणी उचललं? हितं माणसं तिकीट काढून बघत्यात त्याला."

"म्हणून आपला माळ इकायचा?"

"मी कुटं म्हनलं म्हणून इकायचा? इकायचा तर व्हताच. मन जरा खात हुतं, ते आता न्हाई खात." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस आणलंस."

पहारेकऱ्याने मला आवाज कमी करायला सांगितलं. मी काय बोलत होते आठवत नाही. पत्रकातलंच असणार, कारण मला दुसरं येत नव्हतं. मुळांनी माती धरून ठेवणं, पाणी मुरणं, मेंढरांची वाट. अप्पा शांतपणे ऐकत होते, सभेत शेवटच्या रांगेतले लोक ऐकतात तसे. त्यांना समजलं नाही असं असतं तर मी पुन्हा समजावलं असतं. त्यांना समजलं होतं. त्यांनी माळ ओळखला होता, त्यांना तो आवडला होता, आणि माझ्याच हाताने मी त्यांचं ओझं उतरवून दिलं होतं. त्या दालनात दिवसभर लोक येतात. त्यांतले किती असेच हलके होऊन घरी जात असतील?

बाहेर आलो. दादाने फोन खिशात टाकला आणि माझ्याऐवजी अप्पांकडे पाहिलं.

"बघितलं," अप्पा म्हणाले. "झ्याक हाय. इकायचं."

"मग उद्या पौडला जाऊ," दादा म्हणाला. "रजिस्टर हापिसात."

घाट चढून आलो. दादाने गाणी लावली होती, ती मी बंद केली आणि सांगितलं, "मी सही करणार न्हाई."

"शब्द दिलाता तू," दादा म्हणाला. "अप्पा, ऐकताय ना? ही लोकांना सांगत फिरती, पुढारी शब्द फिरवत्यात म्हणून."

"शब्द मी दिलाता. माळानं न्हाई."

"ह्ये बी पत्रकात छाप."

त्याचं चुकत नव्हतं. मी शब्द मोडला आणि अजूनही मोडलेलाच आहे. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. बैठकीत मी उभी राहिले की कुणीतरी मागून खोकतं. खोकू देत. सही दिली असती तर खोकले नसते, एवढंच.

अप्पा चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सही करत न्हाईस?"

"न्हाई."

"मग राख. उद्यापासनं तूच राख. मी आता त्या माळावर पाय ठिवणार न्हाई. डंपर आला तर तू, वणवा लागला तर तू."

तेव्हापासून राखतेय. म्हणजे सकाळी तिथे जाऊन उभी राहते, कारण बांधकामाचा राडारोडा टाकायला डंपर सकाळीच येतात. कुंपण नाही, पाटी लावली की चोरीला जाते. पत्रकं वाटायचं काम दुसऱ्यांवर सोपवलंय. ते मला फोन करून विचारतात, कधी येतेस, सभा आहे. मी म्हणते, जमत नाही, माळावर आहे, आणि पलीकडून हसू ऐकू येतं.

खोकड अजून एकदाही दिसलेलं नाही. बिळाच्या तोंडाशी ताजी माती असते, म्हणजे असावं. अप्पा मोटारसायकलवरून खालच्या रस्त्याने दूध घालायला जातात. थांबत नाहीत, वर बघत नाहीत. काल एक डंपर वर चढून उभा राहिला. मी त्याच्यापुढे आडवी उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, चांगला मुलगा होता, शिवी दिली नाही. म्हणाला, "दीदी, जगह तो खाली पड़ी है, किसका क्या जाता है?"

माळ पडीक का नसतो ते मी त्याला सांगायला लागले. त्याने इंजिन बंदही केलं नव्हतं.