चऱ्होलीतला अकीक

चऱ्होलीत आमच्या इमारतीचा पाया खणत होते, तेव्हा बाहेर काढलेल्या ढिगाऱ्याशी एक म्हातारा नेहमी दिसायचा. दगड उचलायचा, जिभेनं चाटायचा आणि उन्हात धरायचा.

"बाबा, खाऊ नका!" वॉचमन ओरडायचा.

"वल्ला केल्याबिगर रेघा दिसत न्हाईत," म्हातारा हसायचा. ही जमीन पूर्वी त्याचीच होती.

एकदा त्यानं मला तिथलाच, कापून पॉलिश केलेला अकीकाचा दगड दाखवला. आत निळसर वलयंच वलयं. हे होतं कसं, मी विचारलं.

"लाव्हा थंड झाला, तवा बुडबुड्यांच्या पोकळ्या ऱ्हायल्या. त्यात पाणी झिरपलं, गारगोटीचा थरावर थर बसला. कालिजात जाणारी नात सांगती. आमी आपलं, फाळ मोडला की ह्याला शिव्या द्यायचो."

आम्ही राहायला गेलो, तेव्हा तो त्याच दगडाची अर्धी फाक घेऊन आला. "तुमच्या जागंतली, ऱ्हायलेली माझ्याकडं," म्हणाला. मग जरा घुटमळला. "वरनं रान कसं दिसतं, बघू का?"

बाल्कनीत तो कठड्यावरनं वाकून खाली बघत राहिला. मी चहा आणला, तसं त्यानं खालच्या पोहण्याच्या तलावाकडं बोट केलं.

"आमची इहीर तिथंच व्हती," तो खुशीत म्हणाला. "पाण्याची जागा मातर बरोबर धरली, राव!"